कोंबडी, मगर आणि आमचे हे

आमच्या ह्यांना लोक घाबरतात, हे मला लग्नानंतर चार वर्षांनी कळलं. तोवर मला वाटायचं, हे ऑफिसात कुठल्यातरी कोपऱ्यात बसून या टोपलीतले कागद त्या टोपलीत टाकत असतील. एकदा डबा विसरले म्हणून द्यायला गेले, तर बाहेरच्या बाकावर चांगले पोट सुटलेले सात-आठ व्यापारी घाम पुसत बसलेले. एकाच्या मांडीवर इस्त्री, एकाच्या काखेत प्लास्टिकचं झाड. आत आमचे हे एका माणसाला शांतपणे सांगत होते, की तुमची ही वस्तू छत्री नाही. तो म्हणत होता, "साहेब, उघडून दाखवतो ना." हे म्हणाले, "उघडू नका. उघडली तरी ती काठीच राहील."

मी डबा टेबलावर ठेवला आणि मुकाट्यानं घरी आले.

ह्यांची नोकरी कस्टमात, वर्गीकरणाच्या खोलीत. एकतीस वर्षं एकच खोली, एकच खिडकी, आणि खिडकीतून दिसणारी एकच पाण्याची टाकी. काम काय, तर जगात जे जे विकलं जातं ते सगळं एका जाडजूड पुस्तकात सत्त्याण्णव अध्यायांत बसवलेलं आहे. पहिल्या अध्यायात जिवंत जनावरं, शेवटच्यात चित्रं आणि जुनापुराणा ऐवज, आणि मधे साबण, खिळे, चपला, रेल्वेचे डबे, खोट्या केसांचे टोप. प्रत्येक वस्तूला नंबर. त्यातले पहिले सहा आकडे जवळजवळ सगळ्या देशांत सारखे, कारण देशांनी मिळून तसा करार केला आहे आणि वर्षानुवर्षं त्यांची माणसं एका खोलीत बसून खल करतात, की चाकं लावलेली पेटी ही पेटी की गाडी. मी एकदा ह्यांना विचारलं, हे देश एरवी कशावरही एकमत करत नाहीत, मग यावर कसं काय केलं? हे म्हणाले, "कारण हे पुस्तक कुणी वाचत नाही."

त्या पुस्तकात सत्त्याहत्तरावा अध्याय रिकामा ठेवला आहे. पुढेमागे जगात काही नवीन निघालं तर असावी जागा, म्हणून. मला ते फार आवडलं. आमच्या घरात तसं एकही कपाट नाही.

तर नंबर ठरला की शुल्क ठरतं. एका नंबरावर काहीच नाही आणि शेजारच्या नंबरावर माणसाचं कंबरडं मोडेल इतकं. म्हणून ते बाकावरचे लोक घाम पुसत होते. आपली वस्तू कोण आहे हे त्यांना माहीत होतं, पण ते ठरवणार आमचे हे. आणि ह्यांना तरी मनाला येईल तसं ठरवता येतं का, तर नाही. त्याचेही नियम आहेत, सहा. त्यातला तिसरा नियम आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. वस्तू जर एकाच वेळी दोन गोष्टी असेल, तर तिचा मुख्य गुण कशात आहे ते बघायचं. तेही ठरेना, दोन्ही पारडी सारखीच दिसू लागली, तर सरळ ज्याचा नंबर पुस्तकात शेवटी येतो त्यात टाकून मोकळं व्हायचं. एवढ्या मोठमोठ्या लोकांनी एवढी डोकी खाजवून शेवटी हे काढलं. मला ऐकून बरं वाटलं, आमच्याकडेही जो शेवटी बोलतो तोच जिंकतो, आणि शेवटी मीच बोलते.

घरी हा माणूस कसा असेल याची कल्पना करा. आमच्याकडे एक सोफा आहे, ओढला की बेड होतो. पाहुणे मुक्कामाला आले, की हे पांघरूण देता देता सांगणार, "कायद्यानं तुम्ही आसनावर झोपलेले आहात, पलंगावर नाही." पाहुणे दुसऱ्या दिवशी जायचे. मुलगी लहान असताना तिला कुणीतरी घड्याळाचं पेन दिलं होतं. तिनं विचारलं, बाबा, हे घड्याळ की पेन? बाबांनी पाऊण तास घेतला. पोरगी झोपून गेली, हे बोलतच होते.

आणखी एक खोड होती, ती सांगायलाच हवी. हे आपणहून मत देत नसत. अर्ज पाहिजे, वस्तूचा नमुना पाहिजे, मग मत. ऑफिसात ते ठीकच आहे, उगाच येता-जाता कुणाला काही बोललं तर उद्या तो माणूस तेच धरून बसायचा. पण हे घरातही तसंच. मी विचारलं, हा रंग मला शोभतो का, तर म्हणाले, "प्रकरण माझ्यापुढे रीतसर आलेलं नाही." मी तेव्हा हसले होते. नवीन होते ना.

एकतीस वर्षांत ह्यांचा एकही निवाडा अपिलात फिरला नाही. निरोपाच्या दिवशी मोठ्या साहेबांनी भाषणात हे सांगितलं, आणि घरी येताना रिक्षात ह्यांनी मला ते तीनदा सांगितलं. नाकावर माशी बसू न देणारा माणूस, त्या दिवशी गळ्यातला हारसुद्धा काढायला तयार नव्हता.

हे निवृत्त झाले आणि मी कामाला लागले. म्हणजे काम आधीपासून होतंच. मागच्या खोलीत मी आणि माझी धाकटी जाऊ उरलेल्या कापडाच्या बाहुल्या शिवायचो. तिचा हात कात्रीवर असा, की तुकडा वाया म्हणून जात नाही. हळूहळू आजूबाजूच्या बायका आल्या, आठ जणी झालो, तळमजल्यावरचं बंद पडलेलं गोदाम भाड्यानं घेतलं, सहा मशीन टाकली. कुणाचा नवरा घरी बसलेला, कुणाचा नवराच नाही, एक तर नर्सची नोकरी सुटून आलेली. सगळ्यांची पोटं त्या गोदामावर. आणि मग आमची कोंबडी आली.

कोंबडी जावेच्या डोक्यातून निघाली. कापडी, गुबगुबीत, पोटाखाली चेन. चेन उघडली की आत तीन पिल्लं. मुलं ती बाहेर काढतात, पुन्हा कोंबतात, पुन्हा काढतात, आणि त्यातच त्यांचा दिवस जातो. परदेशातल्या एका खेळण्यांच्या दुकानाच्या बाईंनी कुठेतरी फोटो पाहिला आणि बाराशे कोंबड्या मागवल्या. या खपल्या तर दर तीन महिन्यांनी बाराशे. त्या दिवशी आम्ही आठ जणी गोदामात काही न शिवता नुसत्या बसून होतो.

पहिली पूर्ण झालेली कोंबडी मी घरी आणून सोफ्यावर ठेवली. ह्यांनी उचलली. उलटी केली. चेन उघडली, बंद केली, परत उघडली. आणि "हम्" म्हणाले. मग कोंबडी होती तिथे ठेवून पेपर उघडला.

मला त्या "हम्"नं काहीतरी वाटायला हवं होतं. पण लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर नवऱ्याच्या प्रत्येक "हम्"चा विचार करायचा म्हटलं, तर बाई स्वयंपाक कधी करणार?

माल गेला. दीड महिन्यानं आमचा क्लिअरिंगवाला, म्हणजे आमचे कागद करून माल बोटीवर चढवणारा माणूस, गोदामात आला आणि खुर्ची दिली तरी बसला नाही. कोंबड्या तिकडच्या बंदरात अडकल्या होत्या. आम्ही कागदावर लिहिलं होतं खेळणी. खेळण्यांना तिकडे शुल्क नाही. तिकडचं कस्टम म्हणत होतं, ही खेळणी नव्हेत, कोंबडीच्या आकाराच्या पिशव्या आहेत, पिशव्यांचं भलंमोठं शुल्क भरा, वर खोटं लिहिल्याबद्दल दंडही. आक्षेप घ्यायला तीस दिवस. त्या बाईंनी कळवलं होतं, पिशव्या ठरल्या तर परत पाठवते, पुढची मागणीही रद्द समजा, वाईट वाटून घेऊ नका.

"पिशवी?" जाऊ म्हणाली. "त्यात कोण काय ठेवणार, कपाळ?"

मी ते पत्र घेऊन तरातरा घरी आले. म्हटलं, एकतीस वर्षं हे दुसऱ्यांच्या वस्तूंचं केलंत, आता एकदा बायकोच्या वस्तूचं करा. रीतसर अर्ज हवा असेल तर तोही देते, सही करून. ह्यांनी चष्मा लावला, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. दुसऱ्या पानावर थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

तिकडच्या अधिकाऱ्यानं लिहिलं होतं, की माल ज्या देशातून आला आहे त्या देशाच्या कस्टमानंच पंधरा वर्षांपूर्वी अशा वस्तूला पिशवी ठरवलेलं आहे. खाली निवाड्याचा नंबर, तारीख.

"कुणाचा आहे हो हा निवाडा?" मी विचारलं.

"माझा," हे म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण आधी दुसरंच विचारलं. "त्या दिवशी कोंबडी बघून तुम्ही हम् म्हणालात."

"हो."

"त्याचा अर्थ काय होता?"

"वाद होऊ शकतो, असा."

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलं नव्हतंस," हे म्हणाले, आणि तेही अगदी भोळेपणानं. "नमुना म्हणूनही दिली नव्हतीस. मी सोफ्यावरून उचलली होती."

त्यानंतर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेजारच्या वहिनींनी ऐकलं आहे, ज्यांना हवं त्यांनी त्यांना विचारावं.

रात्रीचं जेवण मी वाढलं नाही, ह्यांनी मागितलं नाही, आणि सकाळी मग हे आपणहून सांगायला लागले. पंधरा वर्षांपूर्वी एका खेळणीवाल्यानं परदेशातून कापडी मगरी मागवल्या होत्या. मगरीचं तोंड म्हणजे चेन. चेन उघडली की पोटात एक बेडूक. त्यानं कागदावर खेळणी लिहिलं, तपासनिसाला शंका आली, प्रकरण ह्यांच्यापुढे आलं. ह्यांनी तिसरा नियम लावला. चेन आहे, पोकळी आहे, पोकळीत वस्तू ठेवता येते, सबब मुख्य गुण पिशवीचा. मगर बेचाळिसाव्या अध्यायात गेली. खेळणीवाल्यावर खोटं लिहिल्याचा ठपका बसला.

"आणि तो काय म्हणाला?"

"सुनावणीला आपल्या लहान मुलीला आणू का, असं विचारत होता. ती मगरीशी कशी खेळते ते बघा म्हणाला."

"मग?"

"मी नाही म्हणालो. मूल हा पुरावा होत नाही."

मी ह्यांच्याकडे बघत राहिले. या माणसाबरोबर मी संसार केला, आणि मुलीला सायकल शिकवताना हा मागून पळत होता हेही मी पाहिलेलं आहे. ऑफिसात जाताना ते सगळं दारात चपलांबरोबर काढून ठेवत होता की काय कोण जाणे.

पण हे कामाला लागले, हे मान्य करायला हवं. चार दिवस जेवणाच्या टेबलावर पुस्तकं, टिपा, जुन्या नोंदी. आम्हाला टेबल नाही, आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. पाचव्या दिवशी अकरा पानांचा आक्षेप तयार झाला, आणि हे तो वाचून दाखवायला गोदामात आले, इस्त्रीचा शर्ट घालून. आम्ही मशीनं थांबवली.

काय लिहिलं होतं, सांगू? मगरीचा निवाडा अगदी बरोबर आहे, पण तो कोंबडीला लागू होत नाही. कारण मगरीची चेन तोंडाला आहे आणि कोंबडीची पोटाला. मगरीची पोकळी लांबट, कोंबडीची गोल. मगरीतली वस्तू सुटी, कोंबडीतली पिल्लं संचाचा भाग. असं अकरा पानं. ऐकायला इतकं झकास, की मला वाटलं आता हे तिकडचे लोक आपणहून कोंबड्या विमानानं घरपोच करतील. बायकांनी माना डोलावल्या. नर्सबाईंनी तर टाळी वाजवायला हात उचलले होते.

जाऊ कात्री पुसत होती. ती म्हणाली, "भाऊजी, एक विचारू? त्या मगरीत पण बेडूक होता ना? तो पण तिच्याबरोबरच आलेला ना?"

"हो."

"मग तो का सुटा? आमची पिल्लं का नाहीत सुटी?"

ह्यांनी पान उलटलं. पान पुन्हा आधीच्या जागी आणलं. आमच्यातली एकही हसली नाही, आणि खरं सांगते, तेव्हा मलाच ह्यांची दया आली. एकतीस वर्षं ज्या माणसाला कुणी हरवलं नाही, त्याला माझ्या जावेनं कात्री पुसता पुसता हरवलं होतं.

हे खाली जमिनीवर बसले, चिंध्यांच्या ढिगाशेजारी, इस्त्रीच्या शर्टासकट. एक कोंबडी घेतली, पिल्लं काढली, आणि खिशातलं एकेक आत घालून बघायला लागले. चष्म्याची डबी जाईना. पाकीट निम्मं बाहेर राहिलं. किल्ल्या गेल्या, पण कोंबडी एका बाजूला कलली. मग किल्ल्या काढून पिल्लं घातली, ती बरोबर बसली. उचलायला मूठ नाही, खांद्याला पट्टा नाही. बराच वेळ त्यांचं ते चाललं होतं. बायका पुन्हा शिवायला लागल्या, मशीनं सुरू झाली, हे खाली पिल्लं घालतायत, काढतायत.

"मगरीलाही पट्टा नव्हता," शेवटी हे म्हणाले. मला नाही, कोंबडीला.

दुसऱ्या दिवशी ती अकरा पानं पाण्याच्या बंबाजवळच्या रद्दीत दिसली. टेबलावर दीड पान होतं. ते तिकडच्या कस्टमाला नव्हतंच, आपल्याच कस्टमाला होतं. अमुक नंबरचा निवाडा मी दिला होता. तो चुकला होता. मी पोकळी पाहिली, पण ती कशासाठी आहे ते पाहिलं नाही. वस्तू कशी वापरली जाते ते बघण्याची संधी अर्जदारानं दिली होती, ती मी नाकारली. ती वस्तू नीट पाहिली तर खेळणंच आहे, आणि ज्यांना तेही पटत नसेल, ज्यांना दोन्ही पारडी सारखी वाटत असतील, त्यांनी शेवटचा नंबर बघावा. पिशव्या बेचाळिसाव्यात, खेळणी पंचाण्णवाव्यात. निवाडा मागे घ्यावा ही विनंती.

मी वाचलं आणि म्हटलं, "हे द्यायचंच का? दुसरं काही निघणार नाही? तुमचं ते एकही फिरला नाही, एकही फिरला नाही, ते जाईल."

"जाईल," हे म्हणाले.

त्यांच्या खुर्चीत आता जी अधिकारीण बसते, ती पूर्वी ह्यांच्या हाताखाली होती. अर्ज वाचून तिनं दार लावून घेतलं, म्हणे. "सर, कुणी विचारलेलं नाही. पंधरा वर्षं झाली. तुम्ही आता चुकलो म्हणाल, तर उद्या लोक तुमचे बाकीचे निवाडेही उकरून काढतील."

"काढू देत," हे म्हणाले. "अर्ज आणि नमुना घेऊन यावं."

तिनं नमुना म्हणून ठेवलेली आमची कोंबडी उलटी केली, चेन उघडली, बंद केली. ह्यांनी घरी येऊन सांगितलं, की ती हम् म्हणाली नाही.

अठरा दिवसांत निवाडा मागे घेतल्याची सूचना निघाली. क्लिअरिंगवाल्यानं ती तिकडे पाठवली, दुकानवाल्या बाईंनी ती जोडून तिथे आक्षेप दाखल केला. तीस दिवसांतला एकोणतिसावा दिवस होता. पुढे दोन आठवडे माझं कशात लक्ष लागलं नाही, एका कोंबडीला तर मी दोन्ही पंख एकाच बाजूला लावले. मग क्लिअरिंगवाला आला आणि न सांगता खुर्चीत बसला, तेव्हाच मला कळलं. तिकडच्या कस्टमानं कोंबडीला खेळणं म्हटलं होतं. दंड रद्द. बाराशे कोंबड्या दुकानात पोचल्या, आणि पुढच्या बाराशेंची मागणी त्याच पत्रात होती. नर्सबाई रडल्या. जावेनं सगळ्यांना घरी पाठवून दिलं आणि स्वतः कापायला बसली.

मला वाटलं, आता हे जरा बोलतील, निदान मी आभार मानावेत म्हणून तोंड वाकडं करून बसतील. काही नाही. सूचनेच्या दोन प्रती काढून आणल्या होत्या. एक कपाटात ठेवली. दुसरी घडी घालून खिशात ठेवली आणि मला म्हणाले, "तू चल माझ्याबरोबर. मला एकट्याला बोलायला जमायचं नाही."

खेळणीवाल्याला ही सूचना मिळायची नव्हतीच. कायद्यानं कुणी त्याला पाठवायला बांधलेलं नव्हतं, दाद मागायची मुदत केव्हाच उलटून गेली होती. जुन्या फायलीतल्या पत्त्यावर दुकान नव्हतं, तिथे चष्म्याचं दुकान होतं. चष्मेवाल्यानं पुढच्या गल्लीत पाठवलं. तिथे जिन्याखालच्या जागेत एक माणूस किल्ल्या घासत होता, पन्नाशीचा, केस पांढरे. ह्यांना बघून त्यानं मशीन बंद केलं. ओळखलं त्यानं. पंधरा वर्षांत आमच्या ह्यांचं फक्त टक्कल वाढलं आहे.

ह्यांनी कागद पुढे केला. त्यानं कागद दोनदा वाचला. हात काळे होते म्हणून कडा धरून वाचला.

"दुकान गेलं ते गेलं," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "त्याचं आता काय करता? पण माझं एक काम करा. वर या आणि हे बाबांना वाचून दाखवा. दुकान त्यांच्या नावाचं होतं. खोट्या कागदांचा धंदा केला, म्हणून त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. एका घरात राहतो आम्ही. जेवणाचं ताट माझ्या बायकोच्या हातून घेतात, माझ्या हातून पाणीही नाही."

"तुम्ही दाखवा ना कागद," मी म्हटलं.

"मी दाखवलेल्या कागदावर ते विश्वास ठेवतील?"

वरती एकच खोली आणि पुढे चिंचोळी गॅलरी. गॅलरीत खुर्चीवर म्हातारा बसला होता, नव्वदीच्या पुढचा, रस्त्याकडे तोंड करून. खेळणीवाला म्हणाला, "मोठ्यानं बोलायला लागेल. ऐकू येत नाही."

हे त्यांच्या कानाशी वाकले आणि सूचना वाचायला लागले, अगदी विभागाच्या भाषेत, नंबर, तारीख, सबब. म्हाताऱ्यानं हात हलवला, म्हणजे कळत नाही. हे आणखी मोठ्यानं वाचायला लागले. पुन्हा हात हलला. मी म्हटलं, "अहो, कागद ठेवा बाजूला. साधं सांगा."

ह्यांनी कागद खाली केला. आणि मग आमचे हे ओरडले. माझ्याशी भांडतानाही ज्यांनी आवाज चढवला नाही ते हे, गॅलरीत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. "तुमच्या मुलानं खोटं लिहिलं नव्हतं. मी चुकलो होतो. ते खेळणंच होतं."

खाली रस्त्यावर एकजण थांबून वर बघायला लागला. समोरच्या खिडकीत एक बाई आली. म्हातारा ह्यांच्याकडे बघत होता.

"तू कोण?" तो म्हणाला.

"ज्यानं त्याला खोटं ठरवलं, तो मी," हे ओरडले.

"मग पंधरा वर्षं काय करत होतास?"

हे पुन्हा ओरडले, "मी बरोबर आहे असं समजत होतो."

म्हातारा पुन्हा रस्त्याकडे बघायला लागला. मला वाटलं, पुन्हा ऐकू गेलं नाही, आता परत ओरडावं लागणार. मग त्यानं मान वळवून दारात उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं.

"चहा टाक," तो म्हणाला. "मलाही दे."

खेळणीवाला आत गेला. काडी ओढल्याचा आवाज आला, मग दुसरी ओढल्याचा, मग तिसरी. मी आत मदतीला जाणार होते, पण ह्यांनी माझा हात धरून मला थांबवलं.